दोरी एक, घंटा दोन

गेल्या महिन्यात आम्ही एका मित्राच्या जलदान विधीला गेलो होतो. मित्र सफाई खात्यात कामाला. गालाच्या कॅन्सरने गेला. तंबाखू होती, ते लपवण्यात अर्थ नाही. विधी आटोपून पाहुणे पांगले, तेव्हा वहिनी आमच्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, वस्तीत आरोग्यावर बोलताना तुम्हीच सांगितलं होतं ना, की रक्तात पांढऱ्या पेशींचे पोलीस असतात? मग यांच्या गालात एवढी गाठ वाढली, तेव्हा ते पोलीस काय झोपले होते?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. आमचा हात जमाखर्चात चालतो, शरीरशास्त्रात नाही. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग ओळखीच्या डॉक्टरांना गाठले, वाचनालयात चार संध्याकाळी बसलो. जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

या पोलिसांत जे खरे पकडणारे आणि मारणारे, त्यांना टी-पेशी म्हणतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे त्या तयार होतात, म्हणून टी. या ग्रंथीला १९६१ पर्यंत कोणी किंमत देत नव्हते. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ती ग्रंथी काढून पाहिली, तर उंदीर साध्या रोगांनाही तोंड देऊ शकेनात. तेव्हा तिचे मोल कळले.

आता प्रश्न असा की टी-पेशीला 'हल्ला कर' हा हुकूम मिळतो कसा? अमेरिकेतील जेम्स ॲलिसन या माणसाने सारे आयुष्य या एका प्रश्नावर घालवले. जन्म १९४८, टेक्सास राज्यातल्या ॲलिस या लहानशा गावी. दहा-अकरा वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. पुढे दोन मामा-काकाही त्याच रोगाने गेले. शाळेत जीवशास्त्राचे शिक्षक उत्क्रांतीचा डार्विनचा सिद्धांत शिकवायला तयार नव्हते. हा पोरगा म्हणाला, डार्विन नसेल तर तो वर्गच मला नको. त्याने विद्यापीठाचा पत्राद्वारे चालणारा अभ्यासक्रम घेऊन जीवशास्त्र पुरे केले. नोकरी करून बाहेरून परीक्षा दिलेल्या आमच्यासारख्यांना हा पोरगा लगेच आपला वाटतो.

ॲलिसन यांनी १९८२ साली टी-पेशीच्या अंगावरचा तो खास रेणू शोधला, ज्याने ती परका कोण हे ओळखते. अनेकांना वाटले, झाले, कोडे सुटले. शत्रू ओळखला की पेशी धावणार. पण तसे होईना. प्रयोगशाळेत शत्रू दाखवला तरी पेशी ढिम्म उभी.

इथे आम्हाला जुनी बेस्टची बस आठवली. समोरचा सिग्नल हिरवा झाला, रस्ता मोकळा आहे, ड्रायव्हरला सारे दिसते आहे. तरी कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय बस हलत नसे. टी-पेशीचेही तेच. ओळख पटली म्हणजे सिग्नल हिरवा झाला, इतकेच. निघायला डबल बेल लागते. सीडी-२८ नावाचा दुसरा रेणू ही डबल बेल देतो, हे १९९२ च्या सुमारास ॲलिसन यांच्या आणि इतरांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. त्यासाठी समोरच्या पहारेकरी पेशीवरचा बी-७ नावाचा दुवा त्याच्या हाती यावा लागतो. बी-७ म्हणजे बसमधली दोरी समजा.

घंटा वाजल्यावर पेशीच्या आत काय होते, ते तर थेट आमच्या कचेरीसारखे. एलसीके नावाचे प्रथिन पहिल्या कागदावर फॉस्फेटचा शिक्का मारते. तो शिक्का पाहून झॅप-७० नावाचे दुसरे प्रथिन टेबलाशी येते. त्याच्यावरही शिक्का बसतो, मग ते पुढच्यावर शिक्के मारते. अशी फाईल टेबलामागून टेबल सरकत पेशीच्या केंद्रापर्यंत जाते आणि लढाईचा आदेश निघतो. फरक एवढाच की आमच्याकडे ज्याला महिना लागतो ते तिथे काही मिनिटांत सुरू होते. ज्या मुलांत जन्मतः झॅप-७० काम करत नाही, ती साध्या संसर्गानेही मरणाच्या दारात जातात. एका टेबलावरचा माणूस नसला तर काय होते, हे आम्हा कचेरीवाल्यांना समजावून सांगायला नको.

याच सुमारास दुसरा एक रेणू चर्चेत होता, सीटीएलए-४. तो फ्रान्समध्ये १९८७ साली सापडला होता. दिसायला सीडी-२८ चा भाऊच, आणि पकडतोही तीच बी-७ ची दोरी. साहजिकच काही शास्त्रज्ञ म्हणाले, हाही डबल बेल देणाराच. ॲलिसन यांच्या प्रयोगशाळेत आणि दुसऱ्या एका गटात मात्र उलटे दिसले. बेस्टमध्ये एकाच दोरीने डबल बेलही होई आणि थांबायची सिंगल बेलही होई. तसाच हा रेणू दोरी ओढून सिंगल बेल देतो. शिवाय त्याची पकड सीडी-२८ पेक्षा कितीतरी घट्ट. लढाई सुरू झाली की तो पुढे येतो आणि गाडी थांबवतो.

अशी थांबण्याची सोय वाईट म्हणावी काय? मुळीच नाही. हा रेणूच नसलेले उंदीर १९९५ साली तयार केले, तर ते जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्याच टी-पेशींनी त्यांच्या अवयवांवर हल्ला चढवला होता. ब्रेक नसलेली बस वस्तीतून सुटावी तसे.

बहुतेकांनी यातून एवढाच अर्थ घेतला की संधिवातासारख्या, स्वतःवर उलटणाऱ्या रोगांवर काहीतरी करता येईल. ॲलिसन यांनी उलटा विचार केला. कॅन्सरच्या गाठीपाशी टी-पेशी जातात, तिला ओळखतात, पण सिंगल बेल वाजून उभ्या राहत असतील तर? ती घंटा थोडा वेळ बंद ठेवली तर?

१९९४ च्या अखेरीस गाठी असलेल्या उंदरांना सीटीएलए-४ ला अडवणारे औषध दिले. गाठी विरघळल्या. विश्वास बसेना, म्हणून प्रयोग पुन्हा मांडला. सहकारी सुट्टीवर निघाला होता, तेव्हा नाताळात ॲलिसन स्वतः उंदरांच्या गाठी मोजत बसले. औषध कोणत्या पिंजऱ्यात दिले हे त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते, म्हणजे मन हिशेबात लबाडी करू शकणार नाही. पहिले दोन आठवडे सगळ्याच गाठी वाढत राहिल्या. माणूस निराश झाला. मग निम्म्या उंदरांच्या गाठी थांबल्या आणि हळूहळू नाहीशा झाल्या. हे निकाल १९९६ साली प्रसिद्ध झाले.

त्यानंतर औषध बाजारात यायला पंधरा वर्षे लागली; सुरुवातीला तर कंपन्यांना भरवसाच वाटेना. २०११ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, त्वचेच्या घातक कॅन्सरसाठी. पूर्ण उपचाराची किंमत सुमारे एक लाख वीस हजार डॉलर. तिकडे जपानमध्ये तासुकू होन्जो यांच्या गटाला १९९२ साली दुसराच एक ब्रेक सापडला होता, पीडी-१. फाईलवरचे ते फॉस्फेटचे शिक्के पुसायला माणूस बोलावतो तो हा. अनेक कॅन्सरच्या गाठी आपणहून हा ब्रेक दाबतात. २०१८ चे नोबेल ॲलिसन आणि होन्जो यांना मिळून मिळाले. (ॲलिसन माउथ ऑर्गन फार छान वाजवतात म्हणे. आमच्या मनात त्यांचे वजन त्याने आणखी वाढले.)

तर वहिनी, पोलीस झोपले नव्हते. बहुधा गाठीपाशी उभे होते आणि कोणीतरी सिंगल बेल दिली होती.

पण आमच्यातला कारकून इथे थांबायला तयार नाही. एवढ्या किमतीचे औषध आपल्या वस्तीला काय कामाचे? याचे एक उत्तर मुंबईतच परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये शोधले गेले. पीडी-१ अडवणाऱ्या निवोलुमॅबची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, म्हणजे सहा आठवड्यांत ७२०. टाटाच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम दिले, म्हणजे सहा आठवड्यांत ४०. अठरावा हिस्सा! यामागे तर्क होता. टी-पेशीवरच्या पीडी-१ च्या जागा थोड्या औषधानेही बऱ्याचशा भरतात; त्यावर कितीही ओतले तरी त्या प्रमाणात फायदा वाढताना दिसत नाही.

तोंड, घसा अशा भागांचा कॅन्सर पुढच्या थराला गेलेले १५१ रुग्ण त्यांनी घेतले. सर्वांना घरी घ्यायच्या तीन प्रकारच्या गोळ्या, आणि निम्म्यांना त्यावर हे थोडके निवोलुमॅब. निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात १६ जण हयात होते, औषध जोडलेल्यांत ४३. कोणी याला रोग बरा झाला असे समजू नये. आयुष्याचा मधला आकडा ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला, एवढेच. ब्रेक सोडल्यावर आतडी, थायरॉईड, फुप्फुसे यांवर आपल्याच पेशी उलटू शकतात, म्हणून हे कॅन्सरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे. पण सुमारे साडेतीन महिने म्हणजे किती, हे ज्या घरात मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर असते त्या घराला विचारावे.

हे सारे परवा वहिनींना सांगितले. त्यांनी नीट ऐकले. बसचा दाखला त्यांना पटकन कळला, कारण त्यांचे वडील कंडक्टर होते. मग म्हणाल्या, "यांना हे औषध कोणी सांगितलंच नाही." यावर आम्ही काय बोलणार? त्यांच्या बाबतीत ते चालले असते की नाही, हे डॉक्टरच सांगू शकले असते.

थोरला मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. वय तेवीस. आम्ही त्याला जवळ बोलावले आणि तोंड उघडायला सांगितले. धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. त्याची दोनच गेली, आणि डाव्या गालात आत पांढरा चट्टा आहे. गुटखा कधीपासून, हे आईसमोर विचारले नाही. येत्या सोमवारी अर्धी रजा टाकली आहे. सकाळी सातला निघून केसपेपर काढायचा ठरला आहे.