जुन्या स्कूटरी, घरगुती दुचाक्या आणि कायद्याची चौकट

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ही व्यवस्था लागू आहे. नियमांची चर्चा तेव्हा मुख्यत्वे जुन्या मोटारींच्या अंगाने झाली. मात्र त्यांचा संबंध जुन्या स्कूटरी जपणाऱ्या आणि सुट्या भागांतून दुचाक्या बांधणाऱ्या सामान्य कारागिरांशीही तितकाच आहे.

भारतातील स्कूटरचा इतिहास मध्यमवर्गाच्या वाटचालीशी निगडित आहे. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ह्या कंपनीने इटालियन लॅम्ब्रेटाची जुळणी येथे सुरू केली. बजाज ऑटोने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पाचे उत्पादन केले आणि तो करार संपल्यानंतर १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आणली. त्याच वर्षी लखनौ येथे सार्वजनिक क्षेत्रातील स्कूटर्स इंडिया लिमिटेडची स्थापना झाली, तर पुढे कानपूरच्या एलएमएल कंपनीने व्हेस्पाची निर्मिती केली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या पिढीच्या दृष्टीने ती कुटुंबाची मोठी मालमत्ता होती. चेतकचे नाव २०२० पासून विजेवरील स्कूटरच्या रूपाने पुन्हा विक्रीस आले असले, तरी पेट्रोलवरील जुनी चेतक आता केवळ मालकांच्या आणि मेकॅनिकांच्या निगराणीवरच तग धरून आहे.

व्हिंटेज नियमांनुसार नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि फेरनोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षांसाठी वैध असते. नव्या क्रमांकात राज्याच्या संकेताक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंदणी झालेल्या वाहनांना मूळ क्रमांक राखता येतो. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल ह्यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरास मनाई आहे.

येथे दोन अडचणी संभवतात. पहिली शुल्काची. महागड्या मोटारीच्या मालकास २० हजार रुपये किरकोळ वाटतील. स्कूटरच्या मालकास तीच रक्कम जड जाते. दुसरी अडचण वयाची आहे. १९७२ ची चेतक २०२२ मध्ये पन्नाशीची झाली. परंतु १९८५ च्या चेतकला २०३५ पर्यंत थांबावे लागेल. तोवर तिला सर्वसाधारण नियमच लागू राहतात. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आवश्यक असून, २० वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार रुपये करण्यात आले. राष्ट्रीय हरित लवादाने १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर दिल्ली परिसरात घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरले होते. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या व्याप्तीचा पुन्हा विचार केला.

बदलांविषयीचा कायदा अधिक कठोर आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्हिंटेज दर्जासाठीही सांगाडा, बाह्यांग वा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्यामुळे मूळ भाग मिळत नाहीत म्हणून दुसऱ्या बनावटीचे इंजिन बसवलेली स्कूटर दोन्ही दारांबाहेर राहते.

संपूर्ण वाहन घरी बांधणाऱ्यांपुढील प्रश्न ह्याहून बिकट आहे. नव्या नमुन्यास पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. एकट्या कारागिराला तो खर्च परवडणारा नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून चारचाकी तयार केली, तेव्हा तिचे देशभर कौतुक झाले. पण ती नियमांत बसत नव्हती. २०२२ मध्ये एका वाहन कंपनीने त्याला नवी गाडी देऊन ती आपल्याकडे घेतली. कौतुक झाले, तरी वाहनाला रस्त्याची परवानगी मिळाली नाही.

चारपेक्षा कमी चाके आणि २५ घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेले वाहन अधिनियमातील ‘मोटार वाहन’ ह्या व्याख्येत मोडत नाही. त्याहून मोठ्या इंजिनाच्या मिनी बाइकला मात्र नोंदणी हवी आणि नोंदणीविना तिचा विमाही काढता येत नाही. अल्पवयीन मुलाने असे वाहन रस्त्यावर चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

ह्या कठोरतेमागे कारणे आहेत. टू-स्ट्रोक इंजिनातून न जळलेल्या इंधनाचा काही अंश आणि तेलाचा धूर बाहेर पडतो. घरगुती बांधणीतील वेल्डिंग व ब्रेक ह्यांची कोणतीही चाचणी झालेली नसते. अपघात झाल्यास त्याचा फटका इतरांनाही बसतो. तथापि, वर्षातून मोजके किलोमीटर धावणारी स्कूटर आणि रोज धावणारे वाहन ह्यांचे प्रदूषण एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

ह्या दृष्टीने तीन उपाय विचारार्ह ठरतात. दुचाकींसाठी व्हिंटेज शुल्क कमी करता येईल. पन्नाशीच्या आतील जुन्या स्कूटरींसाठी मर्यादित वापराचा मधला दर्जा निर्माण करता येईल. घरगुती वाहनांसाठी बंदिस्त मैदाने उपलब्ध करता येतील. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची ‘बाहा’ स्पर्धा २००७ मध्ये पीथमपूर येथे सुरू झाली, ती अशाच नियंत्रित वातावरणात. रस्त्यावरील सुरक्षिततेशी तडजोड न करता हातातील कसब टिकवणारा मार्ग काढणे, ही धोरणकर्त्यांची खरी कसोटी आहे.