अमेरिकेत दोन वर्षांत लॅब टेक्निशियन! कम्युनिटी कॉलेजचा रस्ता कोणाच्या फायद्याचा?

अमेरिकेत शिक्षण म्हटले की आपल्याकडे थेट एमएस डोळ्यांसमोर येते. पण तिथल्या प्रयोगशाळांत पाण्याचे, धातूचे, इंधनाचे नमुने तपासणारे सगळेच काही पीएचडी नसतात. अनेक जण कम्युनिटी कॉलेजमधून दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन आलेले असतात. तिथल्या केंद्र सरकारच्या भरतीत या कामाला ‘फिजिकल सायन्स टेक्निशियन’ म्हणतात. सिरीज क्रमांक १३११.

शिकवतात काय?

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, बीजगणित, थोडे संख्याशास्त्र आणि अहवाल लिहिणे. खरा अभ्यास मात्र हातांचा. तराजू कॅलिब्रेट करणे, द्रावण नेमके बनवणे, नमुन्यांसोबत एक कोरा ‘ब्लँक’ तपासणे, तोच नमुना पुन्हा चालवून आकडे जुळतात का ते पाहणे. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकले तर एक रेघ, बाजूला सही आणि तारीख. आपल्याकडे बीएस्सीचे जर्नल अनेकदा सीनियरच्या जर्नलवरून उतरते आणि रीडिंग उत्तरावरून मागे काढले जाते. टेक्निशियनने असे केले तर पिण्याच्या पाण्यातले शिसे कागदावर शून्य होईल!

मग अडचण कुठे?

पहिली अडचण पदवीच्या नावात. ‘असोसिएट इन सायन्स’ घेतली तर पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाणे सोपे पडते. ‘असोसिएट इन अप्लाइड सायन्स’ ही मुख्यतः थेट नोकरीसाठी असते आणि तिचे बरेचसे क्रेडिट पुढे धरले जातीलच असे नाही. आपल्या डिप्लोमानंतरच्या डायरेक्ट सेकंड इयरसारखा सरळ रस्ता गृहीत धरू नये. प्रवेशाआधी हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरी अडचण व्हिसाची, आणि एजंट ती शेवटी सांगतात. असोसिएट पदवीनंतर ओपीटीवर १२ महिने काम करता येते. स्टेमची २४ महिन्यांची मुदतवाढ मात्र बॅचलर किंवा त्यापुढच्या पदवीलाच मिळते. एच-१बीलाही साधारण बॅचलरच्या तोडीची पात्रता लागते. १३११ची सरकारी पदे तर जवळपास पूर्णपणे अमेरिकी नागरिकांसाठीच. पेल ग्रँट परदेशी विद्यार्थ्यांना नाही, वर शुल्कही स्थानिकांपेक्षा जास्त.

म्हणजे न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर असलेल्या मराठी कुटुंबातल्या मुलासाठी हा रस्ता उत्तम आहे. चार वर्षांच्या कर्जाऐवजी दोन वर्षांत हातात कौशल्य येते. पण नाशिक-सोलापूरहून एफ-१ व्हिसावर, घर गहाण ठेवून फक्त यासाठी जाणे हा तोट्याचा सौदा आहे.

त्यातही गंमत अशी, की याच्या जवळचे प्रशिक्षण मुंबईत पैसे घेऊन नाही, तर देऊन मिळते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या स्टायपेंडरी ट्रेनी योजनेत ६० टक्क्यांसह रसायन किंवा भौतिकशास्त्रातील बीएस्सी झालेल्यांना दोन वर्षे शिकवले जाते. २०२३च्या जाहिरातीत पहिल्या वर्षी महिना २४,००० आणि दुसऱ्या वर्षी २६,००० रुपये स्टायपेंड होता. स्पर्धा तगडी आहे आणि भरती दरवर्षी निघेलच असे नाही. त्या जाहिरातीत खुल्या गटासाठी वयाची अट १९ ते २४ होती. बीएस्सीनंतर दोन-तीन वर्षे दुसऱ्याच परीक्षांत गेली, तर अर्जाची वेळ निघून जाते.