विश्लेषण : ई-सिगारेटवर नवे नियम आले की ओढणारे काय करतील? गुटख्याच्या दोन पुड्या आठवा

जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी लागू झाली. पुढे टपऱ्यांवर काय झालं, हे तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या. एकीत पान मसाला, दुसरीत तंबाखू. वेगवेगळ्या असल्या तर तो गुटखा नाही, तळहातावर एकत्र केल्या की गुटखा. गिऱ्हाईक तेच, टपरी तीच, तलफही तीच. फक्त मिसळायचं काम कारखान्यातून गिऱ्हाइकाच्या हातावर आलं.

हा प्रकार एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. ज्या ज्या राज्यांत बंदी आली तिथं ही जोडी निघाली. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही त्याची दखल घ्यावी लागली. महाराष्ट्रानं तर गुटख्याबरोबर पान मसाल्यावरही बंदी घातली होती, २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू आणि सुपारीही यादीत घेतली. तरी शेजारच्या राज्यांतून माल येत राहिला. अन्न व औषध प्रशासन आणि पोलिसांनी टेम्पो पकडल्याच्या बातम्या आजही थांबलेल्या नाहीत.

हा जुना अनुभव आता आठवायचं कारण ई-सिगारेट. बॅटरीवर चालणारं हे छोटं यंत्र आतलं लिक्विड गरम करतं आणि ओढणारा त्याची वाफ घेतो. लिक्विडमध्ये बहुतेक वेळा निकोटिन असतं, जोडीला आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी असे फ्लेवर. पोरांच्या भाषेत ‘व्हेप’. भारतात त्यावर २०१९ पासून बंदी आहे. ब्रिटनमध्ये मात्र ती कायदेशीर आहे आणि तिथलं सरकार सध्या एकामागून एक नियम आणतंय. एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद झाली. लिक्विडवर दर १० मिलिलिटरला २.२० पौंड, म्हणजे अडीचशे रुपयांच्या आसपास कर १ ऑक्टोबर २०२६ पासून लावायचं जाहीर झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात फ्लेवर, पाकिटाचं रंगरूप आणि दुकानातली मांडणी यांवर निर्बंध घालायचे अधिकार सरकारला देण्याची तरतूद ठेवली गेली.

या नियमांवर व्हेप ओढणारे कसे वागतील, यावर तिथं मोठी चर्चा आहे. आपल्या तालुक्यांना ती परकी वाटायचं कारण नाही. देश कुठलाही असो, तलफ असलेला माणूस साधारण सारखाच वागतो.

ओढणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत

ब्रिटनमधल्या प्रौढ व्हेप ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक पूर्वी सिगारेट ओढायचे आणि आता सोडून व्हेपवर आलेत. तिथली सरकारी आरोग्य यंत्रणाही सिगारेट सोडायला मदत म्हणून व्हेप देते. दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचा संच देण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली होती. हा गट कर लागला म्हणून लगेच व्हेप सोडेल असं नाही. तो आधी साठा करेल, स्वस्त ब्रँड बघेल, लिक्विड घरी मिसळून पैसे वाचवेल.

दुसरा गट दोन्ही ओढणारा. खिशात सिगारेटही आणि व्हेपही. व्हेप महाग झाली की हा सिगारेटकडे झुकण्याची भीती असते. ब्रिटिश सरकारनं हे ओळखून व्हेपवरच्या कराबरोबरच दर १०० सिगारेटमागे २.२० पौंड जादा कर ठरवला. दोन्हींतला फरक टिकला तर माणूस मागे वळणार नाही, असा हिशेब.

तिसरा गट पोरांचा. यांनी सिगारेट कधी ओढलेलीच नसते. त्यांना काही सोडायचं नसतं. चव, रंग, मित्र आणि हातखर्चात बसणारी किंमत, एवढ्यावर ते सुरू होतात. फ्लेवर गेले आणि भाव वाढला तर सगळ्यात आधी गळतो तो हाच गट, पण शेजारी त्याच चवीची दुसरी वस्तू मिळाली नाही तरच.

एकच नियम या तिघांवर तीन वेगळे परिणाम करतो. ‘व्हेपवाले काय करतील’ या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाही, ते यामुळेच.

बाटलीचा नियम आणि पळवाट

ब्रिटनमध्ये युरोपीय नियमांमुळे २०१७ पासून निकोटिनचं लिक्विड १० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकता येत नाही. मग बाजारात काय आलं? फ्लेवरची मोठी बाटली, निकोटिन शून्य, वर थोडी जागा रिकामी. सोबत १० मिलिलिटर निकोटिनची वेगळी छोटी बाटली. गिऱ्हाइकानं घरी आणून एकात दुसरी ओतायची आणि हलवायची. नियम मोडला नाही आणि मोठी बाटलीही मिळाली. आपल्याकडची दोन पुड्यांची जोडी पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

२०२५ च्या बंदीनंतरही तेच. एकदा वापरून फेकायची व्हेप बंद, म्हणून कंपन्यांनी त्याच नावाची, तशाच दिसणारी, पण चार्जिंगचं छिद्र आणि बदलता येणारा पॉड असलेली व्हेप आणली. नियमात बसणारी. ज्याला फेकायची सवय आहे तो तीही फेकू शकतो.

अमेरिकेत २०२० च्या फेब्रुवारीत पॉडच्या व्हेपमधले तंबाखू आणि मेन्थॉल सोडून बाकीचे फ्लेवर हटवण्यात आले. फेकायच्या व्हेपला मात्र तो नियम लावला नव्हता. तिथल्या सरकारी पाहणीनुसार, व्हेप ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांमध्ये फेकायची व्हेप वापरणारे २०१९ मध्ये २.४ टक्के होते, २०२० मध्ये २६.५ टक्के झाले. दार बंद केलं, खिडकी उघडी राहिली.

ऑस्ट्रेलियानं सगळ्यात कडक रस्ता धरला. १ जुलै २०२४ पासून व्हेप फक्त औषधाच्या दुकानात. पण तिथं सिगारेटवरचा करही जगातल्या सगळ्यात जास्त करांपैकी आहे. दोन्ही बाजूंनी दाब आल्यावर चोरट्या मालाचा धंदा फोफावला. मेलबर्न भागात तंबाखूची दुकानं जाळण्यापर्यंत टोळ्यांची भांडणं गेली.

चोरट्या मालाचा धोका पैशापुरता नसतो. २०१९ च्या उत्तरार्धात अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात गेले, ६८ जण दगावले. तपासात मुख्य बोट गेलं ते चोरून विकल्या जाणाऱ्या गांजाच्या अर्काच्या व्हेपमधल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ या भेसळीकडे. बाटलीत काय आहे हे ओढणाऱ्याला माहीत नव्हतं.

आपल्याकडे बंदी आहे, पण ती कुणावर?

भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला आधी वटहुकूम आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

या कायद्याची एक बाजू भक्कम आहे. व्याख्येत ‘निकोटिन असो वा नसो’ असं स्पष्ट आहे. त्यामुळे ‘आमच्यात निकोटिनच नाही’ ही ब्रिटनमधल्या मोठ्या बाटलीची पळवाट इथं चालत नाही. ई-हुक्काही त्यात आलाय.

दुसरी बाजू कच्ची. ओढणाऱ्यासाठी कायद्यात शिक्षेचं वेगळं कलम नाही. ते नसणं एका परीनं बरंच, कारण सोळा वर्षांच्या पोराला कोर्टात उभं करून सवय सुटत नाही. पण त्याला सोडवायचं कसं, याबद्दलही कायदा काही बोलत नाही. माल मात्र येतोच. ऑनलाईन विक्री थांबत नाही म्हणून २०२३ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला वेबसाईटना नोटिसा काढाव्या लागल्या आणि तक्रारीसाठी पोर्टल सुरू करावं लागलं. पार्सल म्हटलं की अंतराचा प्रश्न उरत नाही. जिथं कुरिअर पोचतं तिथं हा मालही पोचू शकतो.

महाराष्ट्राची तलफ तोंडातली

ब्रिटनचा अनुभव इथं जसाच्या तसा लावता येत नाही, कारण इथली सवयच वेगळी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे फक्त ३.८ टक्के. चघळणारे, मळणारे, दाढेखाली ठेवणारे २४.४ टक्के. खर्रा, मावा, मिसरी, चुना-तंबाखू, गुटखा, नावं भागाभागाप्रमाणे बदलतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ‘व्हेपनं सिगारेट सुटते’ हा तिकडचा युक्तिवाद आपल्या तालुक्यांत फारसा लागू पडत नाही. इथं सोडण्यासारखी सिगारेट मुळात थोड्यांच्या हातात आहे. गावात व्हेप आलीच तर ती सोडणाऱ्याच्या हातात कमी आणि नव्या पोराच्या हातात जास्त जाईल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इथली पुढची पुडी कदाचित व्हेप नसेलच. ब्रिटनसह अनेक देशांत निकोटिनच्या छोट्या पांढऱ्या पिशव्या विकल्या जातात. ओठाखाली ठेवायच्या, धूर नाही, वाफ नाही, थुंकावं लागत नाही, वासही मिंटचा. ब्रिटनच्या विधेयकात या पिशव्याही घेतल्यात, कारण आधी त्यांना वयाची अटच नव्हती. आपल्या २०१९ च्या कायद्याची व्याख्या मात्र पदार्थ गरम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राची आहे. पिशवीत ना बॅटरी, ना वाफ. तंबाखूचं पानही नसतं. मग ही वस्तू तंबाखूत मोडते, औषधात की खाण्याच्या पदार्थात, असा वाद घालायला विकणाऱ्याला जागा राहते. दाढेखाली काहीतरी ठेवायची सवय असलेल्या राज्यात ही जागा छोटी नाही.

नियम करताना काय विचारायचं?

वरच्या सगळ्या उदाहरणांत नियम वस्तूवर होता. बाटली मोठी नको, फेकायची नको, पॉडमध्ये फ्लेवर नको, पुडीत दोन्ही एकत्र नको. वस्तू बदलली की नियम मागे पडला. त्यामुळे नवा नियम लिहिताना ‘हे बंद झाल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी टपरीवर काय मागेल?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्याचं उत्तर शोधायला परदेशी अभ्यास लागत नाही. टपरीवाल्याला ते तोंडपाठ असतं.

तालुक्याच्या पातळीवर कायदा बदलता येत नाही, पण काही कामं आत्ताच करता येतात. व्हेप ओळखता येणं हे पहिलं. ती पेनड्राइव्ह, हायलायटर, लिपस्टिक अशा आकारात असते. दप्तरात सापडली तरी शिक्षकाला कळत नाही. पालक सभेत एकदा तिचं चित्र दाखवलं तरी फरक पडेल. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. लहान मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर बाल न्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे नियम जुने आहेत, नवे मागायच्या आधी ते तरी वापरायला हवेत.

दुसरं, कारवाई मोजायची पद्धत. ‘इतक्या लाखांचा माल जप्त’ ही बातमी होते, पण त्यातून सवय कमी झाली का हे कळत नाही. धाडीनंतर आठ दिवसांनी तीच वस्तू मिळायला किती वेळ लागतो आणि केवढ्याला मिळते, हे पाहिलं तर खरं चित्र दिसेल. भाव चढला नसेल आणि वस्तू पाच मिनिटांत हातात पडत असेल, तर पकडलेला टेम्पो म्हणजे व्यापाऱ्यासाठी नुसता खर्च.

तिसरं, बाहेर पडायची वाट. तलफ लागलेल्या माणसापुढे बंद दार आणि चोरवाट एवढेच दोन पर्याय असतील तर तो चोरवाटेनं जाणार. तंबाखू सोडायची आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाईन आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर समुपदेशनाची सोय करायची असते. हेल्पलाईनचा नंबर तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो, पण ग्रामपंचायतीच्या फलकावर, एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर तो क्वचितच दिसतो. तो लावायला ना नवा कायदा लागतो, ना निधी. रंगाचा एक डबा पुरतो.