मांजर जेवते की गिळते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातून एक मांजर जवळजवळ हाकलले गेले. अपराध एवढाच की ती जेवली की ओकायची.

मुन्नी आमच्याकडे सहा वर्षांपासून आहे. शांत, समजूतदार, चुलीजवळ बसून मासे साफ होईपर्यंत वाट पाहणारी. त्या पावसाळ्यात मात्र तिची रोजची तऱ्हा झाली. ताटली ठेवली की दोन मिनिटांत रिकामी, आणि पाच-दहा मिनिटांत सगळे परत बाहेर. कधी चटईवर, कधी मुलांच्या दप्तरावर. एके दिवशी सासूबाईंच्या जानमाजवर. त्या दिवशी त्यांचा संयम सुटला. "आता पुरे झालं. उद्या हिला मासळी बाजारात सोडून या. तिथं तिचं पोट भरेल," त्या म्हणाल्या. धाकटा रडत म्हणाला, "दादी, ती आजारी आहे, तिला कुणी घरातनं काढतं का?"

त्याच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मुन्नीला पिशवीत घालून पशुवैद्यांकडे नेले.

डॉक्टरांनी तिला तपासले, वजन केले. मग मला चार प्रश्न विचारले. जेवल्यावर किती वेळाने बाहेर पडते? बाहेर पडताना पोट जोरजोराने आत-बाहेर होते का? बाहेर पडलेले दाणे अख्खे असतात की पचलेले? आणि शेवटचा प्रश्न: घरात तिच्याबरोबर आणखी कोण जेवते?

शेवटच्या प्रश्नाशी मी थबकले. पावसाच्या सुरुवातीला एक भुरा बोका भिजत दारात आला होता. मुलांनी त्याचे नाव बादशाह ठेवले आणि तो घरचाच झाला. दोघांच्या ताटल्या आम्ही शेजारी-शेजारी ठेवत होतो. बादशाह आपले संपवून मुन्नीच्या ताटलीत तोंड घालायचा. म्हणून ती चावत नव्हती, वाचवत होती. आम्ही तिला हावरट म्हणत होतो, आणि ती बिचारी घाबरलेली होती.

डॉक्टरांनी समजावलेली गोष्ट प्रत्येक मांजर पाळणाऱ्या घराने लक्षात ठेवावी. मांजराचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही. त्याचे दात मांस कापण्यासाठी असतात, दाणे दळण्यासाठी नसतात. त्यामुळे घाई झाली की ते दाणे तसेच गिळते. कोरडे खाद्य ओले झाले की फुगते, घाईत हवाही पोटात जाते, आणि सगळे उलटून बाहेर येते. दुसरे असे की, शिकार करून जगणारे मांजर उंदीर, चिमणी, टोळ असे लहान लहान भक्ष्य दिवसभरात अनेक वेळा खाते. त्याचे पोट त्याच सवयीचे आहे. आपण त्याला सकाळी एकदा आणि रात्री एकदा भरलेली ताटली देतो. बारा तास उपाशी राहिलेला जीव ताटलीवर तुटून पडणारच.

आम्ही काय बदलले ते क्रमाने सांगते.

पहिले म्हणजे जागा वेगळ्या केल्या. मुन्नीची ताटली आतल्या खोलीत, बादशाहची मागच्या पडवीत, मध्ये दार बंद. एकमेकांना दिसणार नाहीत अशी सोय हवी. नुसते चार हात अंतर ठेवून भागत नाही.

दुसरे, दिवसाचे खाणे तेवढेच ठेवून त्याचे चार भाग केले. वेळा लक्षात ठेवणे आमच्या घरात अवघड नव्हते. फजरनंतर, जोहरनंतर, मगरिबनंतर आणि इशानंतर. सकाळीच एका डब्यात दिवसाचे दाणे मोजून ठेवते. नाहीतर घरातला प्रत्येक जण "अजून दिलं नाही वाटतं" म्हणून मूठभर घालतो आणि मांजर फुगत जाते.

तिसरे, भांडे बदलले. बाजारात उंचवटे असलेल्या, हळू खायला लावणाऱ्या ताटल्या मिळतात, पण मी माळ्यावरचे जुने आप्पेपात्र काढले. सात खळगे, प्रत्येकात थोडे थोडे दाणे. मांजराला एका खळग्यातून दुसऱ्याकडे जावे लागते, जीभ आणि पंजा वापरावा लागतो. दोन मिनिटांचे जेवण दहा मिनिटांवर गेले. पात्र मांजरासाठीच वेगळे ठेवावे, रोज धुवावे, आणि आतला थर सुटलेले नॉनस्टिक वापरू नये. आप्पेपात्र नसेल तर मोठ्या सपाट ताटात दाणे दूर दूर पसरावेत. खोल वाटीपेक्षा तेही बरे. भात-मासे किंवा ओले खाद्य देत असाल तर ताटाला पातळ लिंपून द्यावे, म्हणजे चाटूनच खावे लागते.

चौथे, सुरुवातीचे काही दिवस कोरड्या दाण्यांवर थोडे कोमट पाणी घालून ते फुगू दिले. फुगायचे ते पोटाबाहेरच फुगतात. असे भिजवलेले खाणे उकाड्यात फार वेळ ठेवू नये. अर्ध्या तासात उरलेले उचलावे.

मुलांनी त्यात आपली भर घातली. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला दाण्याहून थोडी मोठी भोके पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि आत दाणे भरले. बादशाह ती बाटली पंजाने लोळवतो आणि एकेक दाणा मिळवतो. त्याची दांडगाईही त्यात जिरते.

एक सावधगिरी मात्र हवी. जेवण संथ करायचे आहे, अवघड करायचे नाही. नवीन भांड्याला मांजर तोंडच लावत नसेल तर लगेच जुन्या ताटलीत द्यावे आणि बदल हळूहळू करावा. मांजराला, विशेषतः लठ्ठ मांजराला, सलग उपास सोसत नाही. त्याचे यकृत बिघडू शकते. एक पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि प्रत्येक ओकारी घाईमुळेच होते असेही नाही. जेवल्यावर लगेच, फारसे न उबळता अख्खे दाणे बाहेर आले तर घाईचा संशय घ्यावा. पोट आवळून वारंवार उलटी होत असेल, त्यात रक्त असेल, किंवा मांजर मलूल असेल तर घरगुती प्रयोग करत बसू नये. पिल्लू अधाशासारखे खाते आणि तरी पोट मोठे व अंग बारीक दिसते, तर जंत असू शकतात. वयस्क मांजर अचानक फार खाऊ लागले आणि वजन मात्र उतरत असेल, तर थायरॉइड किंवा मधुमेहाची तपासणी लागते. भांडी बदलल्यावरही आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही तर पुन्हा दवाखाना गाठावा. आणखी एक: आपल्या सालनातला उरलेला रस्सा मांजराला घालू नका. कांदा-लसूण त्याच्या रक्ताला घातक आहे, आणि शिजलेले हाड घाईत गिळले तर घशात किंवा आतड्यात रुतू शकते.

मुन्नीचे वजन उतरलेले नव्हते, इतर काही दोषही सापडला नाही. जागा वेगळी झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओकणे कमी झाले, आणि महिन्याभरात थांबले. आता ती एका खळग्यातले संपवते, मान वर करून इकडे-तिकडे पाहते, आणि मग निवांत दुसऱ्याकडे वळते. ते मान वर करून पाहणे मला फार आवडते. आपले कोणी हिसकावणार नाही, हे तिला आता पटले आहे.

आपल्या घरातही एखादे मांजर बकाबका गिळत असेल, तर आज त्याच्या जेवणाच्या वेळी पाच मिनिटे शेजारी बसा. किती वेळात संपवते, कोणाकडे बघत खाते, आधीचे जेवण किती तासांपूर्वी झाले होते, एवढे पाहा. त्याला हावरट म्हणण्याआधी त्याच्या ताटलीभोवती काय चालले आहे ते कळेल. मुका जीव आपली अडचण सांगू शकत नाही, आणि दारात घेतलेल्या जिवाची जबाबदारी आपलीच असते.

सासूबाईंनी बाजाराचे नाव पुन्हा काढले नाही. इशानंतरचे खळगे आता त्याच भरतात, आणि एखादा दाणा मापापेक्षा जास्त पडतो याकडे मी काणाडोळा करते. आप्प्यांसाठी मात्र आम्हाला नवीन पात्र घ्यावे लागले.