सारखेच म्हणवणारे हायड्रोजन

समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखेच असतात, हे वाक्य पाठ न केलेला विज्ञानाचा विद्यार्थी विरळाच. परीक्षेत या वाक्याला पूर्ण गुण मिळतात. ग्लायसीनचे स्फटिक मात्र त्याला फारशी किंमत देत नाहीत.

ग्लायसीन म्हणजे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल. पांढरी, चवीला गोडसर भुकटी. पाण्यात विरघळवून द्रावण संथपणे आटू दिलं, की सहसा अल्फा प्रकारचे स्फटिक मिळतात. खोलीच्या तापमानाला खरा टिकाऊ प्रकार गॅमा. पण त्याला जमायला वेळ लागतो आणि तोवर अल्फा जागा पटकावून बसतो. आता साध्या पाण्याऐवजी जड पाणी घ्या. ग्लायसीनच्या नायट्रोजनवरचे हायड्रोजन जाऊन तिथे ड्युटेरियम हे त्याचं जड समस्थानिक येतं आणि भांड्यात गॅमाचं प्रमाण वाढतं. कार्डिफच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की ड्युटेरियम अवघं १ टक्क्याच्या आसपास असलं तरी पारडं गॅमाकडे झुकू लागतं. फरक नावापुरता नाही: गॅमाचा स्फटिक दाबला तर वीज निर्माण होते, अल्फाचा दाबून काही होत नाही.

कारण वजनात आहे. ड्युटेरियम हायड्रोजनच्या दुप्पट जड, त्यामुळे बंधात कमी थरथरतं. त्यानं शेजारच्या रेणूंना जोडणाऱ्या हायड्रोजन बंधाची लांबी केसभर बदलते. रॉबर्टसन आणि उबेलोडे यांनी ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकात हे १९३९ मध्येच मोजलं होतं. दोन स्फटिकरूपांच्या ऊर्जेत मुळात फरकच इतका थोडा, की एवढंसं निमित्तही पुरतं.

हा विषय आता औषधांच्या दुकानापर्यंत आला आहे. हंटिंग्टन रोगातल्या अनैच्छिक हालचालींवरचं ड्युटेट्राबेनाझिन हे पहिलं ड्युटेरियमयुक्त औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं. शरीरानं औषध सावकाश मोडावं, हा त्यामागचा हिशेब. अशा औषधांत ड्युटेरियम कार्बनला जोडलेलं असतं, हायड्रोजन बंधात नसतं, मग स्फटिकाची काळजी कशाला, असं कोणी म्हणेल. पण पिरिडीनमधले पाचही हायड्रोजन कार्बनवरच असतात! तरीही थंड केल्यावर ड्युटेरियमयुक्त पिरिडीन वेगळी रचना धरतं; साध्या पिरिडीनला त्याच रचनेत आणायला दाब द्यावा लागतो.

स्फटिक बदलला की औषधाची विद्राव्यता बदलू शकते. रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधात १९९८ मध्ये अचानक कमी विरघळणारं रूप उगवलं आणि कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या. तिथे तर ड्युटेरियमचा संबंधही नव्हता.

जड पाणी आपल्याला परकं नाही. अलिबागजवळ थळला खतकारखान्याच्या वायूतून ड्युटेरियम वेगळं काढून ते तयार होतं. उद्या त्यातून औषधं घडली, तर त्यांच्या मंजुरीच्या अर्जासोबत ड्युटेरियम नसलेल्या जुन्या औषधाचा, स्फटिकरचना दाखवणारा क्ष-किरण आलेख जोडून भागवू देऊ नये. नव्या रेणूचे स्फटिक निरनिराळ्या द्रावकांतून, थंडीत आणि दाबाखाली नव्यानं वाढवून तपासायला लावावेत, खर्च कितीही वाढला तरी.