आकड्याआधी कान

गेल्या महिन्यात एक जुनी जग्वार वर्कशॉपला आली. मालक दर वेळी 100 ऑक्टेनचं पेट्रोल भरत होते, तरी घाटात इंजिन डबीत खडे हलवावेत तसं वाजायचं. डिस्ट्रिब्युटर उघडला, तर वजनांची एक स्प्रिंग तुटलेली. ॲडव्हान्स भलताच लवकर येत होता. स्प्रिंग बदलली, टायमिंग लावलं आणि तीच गाडी 95 वर निमूट घाट चढली.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ज्योत पोहोचण्याआधी दाबाने आणि उष्णतेने आपोआप न भडकण्याची पेट्रोलची क्षमता, एवढाच त्याचा अर्थ. इंजिनाची गरज भागली की वरचा प्रत्येक पॉइंट नुसता गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

म्हणून आधी कॉम्प्रेशन पाहा. जग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनावर ते कोरलेलंच असतं : नंबराच्या शेवटी 7, 8 किंवा 9. पण मधे कुणी हेड फेस केलं असेल, पिस्टन बदलले असतील, तर त्या आकड्यावर विसंबू नका. कार्बन साचला तरी कॉम्प्रेशन वाढतं. मॅन्युअलमधला ऑक्टेनचा आकडा वाचतानाही जपून; तो कोणत्या पद्धतीचा ते पाहा. आज अमेरिकेतल्या पंपावर दिसणारा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपला एकाच चाचणीचा. त्यांचा 91 म्हणजे आपला साधारण 95-96.

आता ई20 चं. त्याचं ऑक्टेन किमान 95, म्हणजे पूर्वीच्या साध्या 91 पेक्षा बरंच वर. आकडा पाहून खूश व्हावं, तर इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुन्याच जेटवर मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात ते वेगळंच. तेव्हा जेट आणि रबर तपासल्याशिवाय नुसत्या आकड्यावर गाडी सोडू नका.

आवाज बंद करायला टायमिंग वाटेल तेवढं रिटार्ड करणं हाही उपाय नव्हे. पिकअप जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजून निघतात.

एक सवय मात्र लावून घ्या. गाडी देताना जॉबकार्डवर तीन गोष्टी लिहा : मोजलेलं कॉम्प्रेशन, लावलेलं टायमिंग आणि कोणत्या पेट्रोलवर ट्यूनिंग केलं ते. मग पंपावर काय भरायचं हे मालकाला कुणाला विचारावं लागणार नाही.

– संपादक