जुन्या जीपगाड्यांचा जीर्णोद्धार

'जुने ते सोने' ही म्हण आपल्या तोंडी सहज येते. परंतु सोन्याला गंज चढत नाही, लोखंडाला चढतो. म्हणून जुने लोखंड राखणे हे जुने सोने राखण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. आमच्या हैदराबाद शहरात हे अवघड काम आवडीने अंगावर घेणारी काही मंडळी आहेत. दुसऱ्या महायुद्धातील विलीज व फोर्ड जीपगाड्या, डॉज कंपनीचे चारही चाकांनी ओढणारे ट्रक, सैन्यातून निवृत्त झालेल्या जोंगा अशा गाड्या ती शोधून काढतात, खोलतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा चालत्या करतात. या छंदाविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, हा श्रीमंतांचा पोरखेळ आहे. कोणी म्हणतो, हे इतिहासाचे रक्षण आहे. आमच्या मते दोन्ही विधाने अर्धवट आहेत. जुनी गाडी बाळगणे हे आपोआप पुण्यही नाही आणि पापही नाही. ती कशी बाळगली जाते आणि तिच्या निमित्ताने कोणते ज्ञान जिवंत राहते, यावर त्या छंदाची किंमत ठरते.

प्रथम ही गाडी काय चीज आहे ते पाहू. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला हलकी, काटक आणि कोठल्याही भूमीवर चालणारी गाडी हवी होती. नमुन्याची पहिली गाडी तयार करण्यास मुदत दिली होती अवघ्या ४९ दिवसांची! पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने ती मुदत पाळली. पुढे मोठ्या संख्येने गाड्या बनविण्याचे काम विलीज आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले आणि १९४५ पर्यंत सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बाहेर पडल्या. साठ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन, पुढच्या-मागच्या आसांमध्ये ८० इंचांचे अंतर आणि जेमतेम ११०० किलो वजन, एवढाच तिचा संसार. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये एक जादा दांडा ओढला की ती चारही चाकांना मिळू लागते. दुसऱ्या दांड्याने वेग कमी होऊन जोर वाढतो. मागची चाके चिखलात फिरत राहिली तरी पुढची गाडीला बाहेर ओढतात. यात चमत्कार काही नाही. दातेरी चक्रांचे साधे गणित आहे, आणि नववीच्या विद्यार्थ्यालाही ते समजावे असे आहे.

युद्ध संपले आणि सैन्याला नको झालेली वाहने लिलावात निघाली. 'डिस्पोजलची गाडी' हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात आला. याच सुमारास, १९४५ साली, महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे झाले. मुंबईत माझगाव येथे परदेशातून आलेल्या सुट्या भागांतून जीपगाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि पुढे त्या येथेच घडू लागल्या. उंच बॉनेटचे जे मॉडेल अमेरिकेत १९६८ साली बंद पडले, त्याची भावंडे आपल्याकडे त्यानंतरही अनेक दशके बनत राहिली. परदेशी पाहुणी अशी घरची झाली. विकासगटाचा अधिकारी, देवीची लस टोचणारे पथक, धरणावरचा अभियंता, निवडणुकीचा उमेदवार, हे सारे खेड्यात आले ते बहुधा याच गाडीतून.

आम्हां हैदराबादकरांचा या गाडीशी आणखी एक जुना संबंध आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेना सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबादच्या दिशेने निघाली, तेव्हा रणगाड्यांच्या सोबतीला जीपगाड्याही होत्या. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्यातील आमचे आप्त आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात. सिकंदराबादची छावणी, तिरुमलगिरी येथील सैन्याचे यांत्रिकी महाविद्यालय आणि राणीगंजची सुट्या भागांची दुकाने यांमुळे या शहरात यंत्रे जाणणाऱ्या हातांची वाण कधी पडली नाही. निजामाच्या रेल्वे खात्याने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ नोकर यांच्या बळावर रस्त्यावरील वाहतूक सुरू केली, तीही स्कॉटलंडहून आणलेल्या आल्बियन गाड्यांवर. १९४२ साली निघालेल्या ऑल्विन कारखान्याने पुढे बसचे सांगाडे बांधले. याच ऑल्विनने निस्सान या जपानी कंपनीच्या सहकार्याने जहीराबादेस छोटे ट्रक काढले, आणि तो कारखाना नंतर महिंद्र कंपनीकडे आला. जबलपूरला बनलेली जोंगासुद्धा निस्सानच्याच गाडीवरून घडविलेली. म्हणजे या शहरातील एखाद्या जुन्या गाडीचे कुळ शोधू गेल्यास अमेरिका, स्कॉटलंड आणि जपान या तिन्ही ठिकाणांचे धागे हाती लागतात.

चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ सालची रोल्स रॉईस ठेवली आहे. तिच्यापुढे नेहमी गर्दी असते, आणि ती असावीही. परंतु राजाच्या गाडीला महाल मिळतो. जिने धान्याची पोती, औषधे आणि जखमी माणसे वाहिली, त्या गाडीला मात्र भंगारवाल्याची काट्यावरची किंमत मिळते. म्हणून एखादा गृहस्थ पदरचे पैसे घालून अशी गाडी वाचवीत असेल, तर आम्ही त्यास हसणार नाही. तो श्रमाच्या इतिहासाची एक वस्तू वाचवीत आहे.

मात्र वाचविणे आणि सजविणे यांत फरक आहे. आपल्याकडे जुन्या देवळांचे जे होते तेच जुन्या गाड्यांचे होते. जीर्णोद्धार करावयाचा म्हणून मंडळी पुढे येतात, कोरीव दगडावर ऑइलपेंट फासतात, गाभाऱ्याला चकचकीत फरशी बसवतात आणि देऊळ वाचवल्याचे समाधान मानतात. जीपगाडीलाही कोणी रुंद चाके लावतो, कोणी भोंगे आणि दिव्यांच्या माळा चढवतो, कोणी साध्या गाडीवर पांढरा तारा रंगवून तिला युद्धातली म्हणून मिरवतो. जाणत्याला हे सोंग लगेच कळते. युद्धातल्या गाडीच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असत, नंतरच्या नागरी गाडीला सात. रंग खोटे बोलू शकतो. पत्रा सहसा बोलत नाही.

वरवरच्या दुरुस्तीला भुलल्याचे एक मोठे उदाहरण आपल्या स्वातंत्र्याच्या आरंभीच घडले आहे. १९४८ साली लंडनमधील आपल्या वकिलातीने सैन्यासाठी २००० जुन्या, 'दुरुस्त केलेल्या' जीपगाड्यांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ येऊन पोहोचल्या आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत त्यावर वादळ उठले. नीट तपासणी न करता 'दुरुस्त' या शब्दावर विसंबले की काय होते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आता कायद्याचे पाहू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे होऊन गेलेली, खाजगी वापराची आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यांत बसते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन व दुरुस्ती एवढ्यांसाठीच रस्त्यावर आणता येते. तत्पूर्वी, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याने ठरवलेले रूप बदलून गाडी चालविता येणार नाही असा निर्णय दिला होता. हे निर्बंध आम्हांस योग्य वाटतात. रस्त्यावरून चालणाऱ्याचा जीव हा कोणाच्याही हौसेपेक्षा मोठा आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. पेट्रोल महाग झाले तेव्हा खेड्यापाड्यांतील असंख्य मालकांनी जीपचे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. ही हौस नव्हती, पोटाची गरज होती. अशा गाडीचे इंजिन मूळचे नाही म्हणून तिला इतिहासच नाही, असे कसे म्हणावे? आमच्या मते ज्याला जुन्या रूपात गाडी उभी करावयाची आहे त्याने तसे करावे. परंतु काढलेला प्रत्येक भाग, घातलेला प्रत्येक भाग आणि त्याचे कारण यांची लेखी नोंद ठेवावी. गाडीचे आयुष्य जसे घडले तसे सांगणे, हाच तिचा खरा मान आहे.

या छंदावरील आक्षेपही आम्ही डावलू इच्छित नाही. जुनी जीप एका लिटरात सात-आठ किलोमीटरच चालते आणि धूर सोडते, हे खरे. पण ती वर्षाकाठी थोडेच अंतर जाते. रोजच्या प्रवासाला ती वापरू नये, हेच उचित. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गाडी कोठेही जाऊ शकते म्हणून ती कोठेही न्यावी, असे काहींस वाटते. हैदराबादभोवतीचे ग्रॅनाइटचे खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे आहेत आणि सुरुंगांपुढे ते आधीच हरत चालले आहेत. उन्हाळ्यात आटलेल्या तलावांच्या पात्रांत टिटवी अंडी घालते. ऐंशी वर्षांची गाडी जपणाऱ्याने अडीचशे कोटी वर्षांच्या भूमीवर चाकांचे ओरखडे काढावेत, ही विसंगती आहे. खाजगी माळ वा ठरवून दिलेली वाट, एवढेच या गाड्यांचे क्रीडांगण असावे.

परंतु आमच्या मते सर्वांत मोठी चिंता गाड्यांची नाही, माणसांची आहे. गाडी मालक विकत घेतो, पण तिला उभी करतो तो मिस्त्री. आमच्या शहरात त्याला आदराने 'उस्ताद' म्हणतात. बाजारात न मिळणारा बुश तो लेथवर कातून घेतो, गॅस्केट हाताने कापतो, गंजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा दुसरा डाग देऊन बसवतो आणि दांडा कानाशी लावून कोणता बेअरिंग कुरकुरतो ते सांगतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात आले आहे. आज नव्या गाडीचा दोष संगणक सांगतो आणि बिघडलेला भाग फेकून नवा बसवला जातो. त्यामुळे उस्तादांच्या मुलांना हा धंदा नकोसा झाला आहे. त्यांचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या कामात प्रतिष्ठा नाही आणि मोबदला अपुरा, ते काम मुलाने का पत्करावे? मालकांनी रंगावर आणि चाकांवर जेवढे खर्चावे तेवढेच उस्तादाच्या हाताला द्यावे, आणि प्रदर्शनातल्या पाटीवर आपल्या नावाशेजारी त्याचेही नाव लिहावे. एवढे झाले तरी पुष्कळ होईल.

आणि आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? जीप विकत घेणे आपल्या आवाक्यात नाही, पण वही-पेन्सिल आहे. सुट्टीच्या दिवशी दोघा-चौघांनी मिळून, त्यांची परवानगी घेऊन, एखाद्या वयस्कर उस्तादाच्या कारखान्यात बसावे. कोणत्या हत्याराला ते काय म्हणतात, कोणते काम कोणत्या क्रमाने करतात, ते लिहून घ्यावे, आकृत्या काढाव्यात. आपली मराठी, त्यांची दखनी आणि यंत्रांची इंग्रजी नावे यांच्या मिश्रणातून जो शब्दसंग्रह तयार झाला आहे, तो आजवर फारसा कोणी टिपलेला नाही. पुढल्या वार्षिकांकात कवितांच्या आणि सहलींच्या वर्णनांच्या जोडीला अशी दोन-चार पाने आली, तर ती वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत. गंजलेला पत्रा पुन्हा घडवता येतो; उस्तादाबरोबर गेलेली विद्या मात्र कोणत्याही भंगारबाजारात सापडत नाही.